एका फाइलला एकच घर: कारखान्याच्या हिशेबात गूगल शीट कुठं आणि एक्सेल कुठं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात नव्यानं हिशेबाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. बी.कॉम. झालेलं असतं, टॅली येत असतं, एक्सेलही बऱ्यापैकी येत असतं. मग पहिल्याच आठवड्यात मालक सांगतात, "हजेरी ऑनलाइन करून टाक, मला मोबाइलवर दिसली पाहिजे." महिनाभरात काही फाइली ड्राइव्हवर, काही कॉम्प्युटरवर आणि काही व्हॉट्सॲपवरून आलेल्या अशा होतात. नावांच्या शेवटी "फायनल" आणि "नवीन फायनल" लागायला लागतं.

माझी सुरुवातही अशीच झाली आणि त्याची किंमत मालकांना मोजावी लागली. टॉवेलच्या भावाचा तक्ता मी ऑनलाइन नेला होता. सुताचा भाव वाढला तसा मी ऑनलाइन तक्ता बदलला. पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच तक्त्याची आधी उतरवून ठेवलेली प्रत तशीच राहिली होती. सहकाऱ्यानं ती उघडली आणि गिऱ्हाइकाला जुना भाव कळवला. मालकांनी दिलेला शब्द पाळला, माल त्याच भावात गेला. चूक गूगल शीटची नव्हती आणि एक्सेलचीही नव्हती. एका तक्त्याची दोन घरं मी करून ठेवली होती, ही चूक होती.

त्यामुळे "ऑनलाइन चांगलं की एक्सेल?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कोणती फाइल?"

आधी वहीत यादी

कॉम्प्युटर उघडण्याआधी कारखान्यातल्या सगळ्या फाइलींची नावं वहीत लिहा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहायच्या: तिच्यात किती जण लिहितात, ती वर्षाला किती वाढते, तिच्यात मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत का, आणि तिच्यातली माहिती कुणापासून झाकायची आहे.

हजेरीत आणि मागावरच्या उत्पादनाच्या नोंदीत दिवसपाळी-रातपाळीचे दोन-तीन जण लिहितात, मालक बघतात. ती ऑनलाइन. ऑर्डरींचा तक्ता दुकान, कारखाना आणि पॅकिंग असा तिघांना लागतो. तोही ऑनलाइन. सुताचा साठा ज्याच्या हातात गोडाऊनची किल्ली आहे त्यानं मोबाइलवरून भरला तर उत्तम. पगार, बँकेचे खाते क्रमांक, कॉस्टिंग हे एक-दोघांच्याच हातात हवं, ते कॉम्प्युटरवर पासवर्ड लावून. जीएसटीच्या ज्या साधनांत मॅक्रो असतात ती कॉम्प्युटरवरच, तिथं दुसरा मार्गच नाही. चार-पाच वर्षांच्या साठलेल्या नोंदींवरून अहवाल काढायचा असेल तर तोही कॉम्प्युटरवर.

यादीत प्रत्येक फाइलीपुढे घर लिहिलं की ती यादी टेबलाजवळ भिंतीला चिकटवा. माझ्या टेबलाजवळ अजून आहे.

एक्सेलची फाइल ऑनलाइन नेताना

एक्सेलची फाइल ड्राइव्हवर टाकून उघडली तर ती उघडते, पण नावाशेजारी "एक्सएलएसएक्स" असा छोटा शिक्का दिसतो. म्हणजे ती अजून एक्सेलचीच फाइल आहे आणि गूगल शीटच्या काही सोयी तिच्यात चालणार नाहीत. पूर्ण शीट करायची तर फाइल मेनूत "सेव्ह ॲज गूगल शीट्स" निवडायचं. इथंच नवखे फसतात. यानं जुनी फाइल बदलत नाही, शेजारी दुसरी तयार होते. आता ड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली आहेत आणि उद्या कुणीतरी जुनीत लिहिणार. म्हणून तिथल्या तिथं जुनीच्या नावापुढे "बंद" आणि तारीख लिहा, "जुन्या" नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, आणि नव्या फाइलीत एक-दोन महत्त्वाच्या बेरजा जुन्याशी ताडून बघा. ज्या कॉम्प्युटरवरून फाइल नेली तिथलीही प्रत हलवा. माझ्याकडून नेमकं हेच राहून गेलं होतं.

नंतर लगेच फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल (तारखा-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीनं वाचायचे ते) "इंडिया" करा आणि टाइम झोन भारताचा आहे का बघा. हे एक काम राहिलं तर तारखांचा घोळ फार छुपा होतो. लोकेल अमेरिकेचं असेल आणि तुम्ही तीन एप्रिलसाठी ०३/०४ लिहिलं तर शीट त्याला चार मार्च समजते, काही न बोलता. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्याचा पहिला भाग चुकीच्या तारखांचा आणि उरलेला तारीखच नसलेला. ओळखायची खूण सोपी आहे: तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. एक्सेलमध्ये हीच गोष्ट विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरते, त्यामुळे नवा कॉम्प्युटर आला की तिथंही एकदा बघून घ्या.

मराठी नावांचा प्रश्न

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हिशेबाच्या इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही आणि आपल्याकडे रोज अडतं.

जुन्या कारखान्यांत हजेरीच्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या कॉम्प्युटरवर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. गूगल शीटमध्ये तो फाँट नसतो, म्हणून फाइल ऑनलाइन नेली की नावांच्या जागी अर्थहीन अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, घाबरून पुसू नका. उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी साठवण. त्यासाठीची साधनं मिळतात, पण सगळी शीट एकदम त्यात घालू नका. फक्त मराठी मजकुराचे रकाने घाला. आकडे आणि इंग्रजी शब्द त्यात गेले तर त्यांचंही काहीतरी भलतंच होतं. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, "क्ष", "ज्ञ" आणि रफार यांच्यावर खास नजर ठेवा. पुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा. ऑनलाइन छापायला मुक्ता किंवा बालू हे फाँट चांगले दिसतात आणि ते शीटमध्येच मिळतात.

युनिकोड आलं तरी एक गोष्ट उरते. "वऱ्हाडे" हे आडनाव दोन तऱ्हेनं टाइप होतं. एका कीबोर्डवर ऱ्ह वेगळ्या चिन्हांनी बनतो, दुसऱ्यावर वेगळ्या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फॉर्म्युल्याच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत. यादीतून नाव शोधणारं व्हीलुकअप "सापडलं नाही" म्हणतं आणि तुम्ही तासभर डोकं खाजवता. त्यात आपलं सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही बोलींचं. एकच माणूस एका जॉबरच्या (मागांवरच्या मुकादमाच्या) नोंदीत श्रीनिवास, दुसऱ्याच्या श्रीनिवासलू आणि तिसऱ्याच्या सीनू असतो. महिनाअखेरीला नावानुसार बेरीज करणारा सम-इफ लावला की एका माणसाचे तीन पगार तयार होतात आणि त्यातला कुठलाच पूर्ण नसतो.

म्हणून नाव कुणालाच हातानं लिहू देऊ नका. "कामगार" नावाचा एक टॅब करा, प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि हजेरीच्या रकान्यात डेटा व्हॅलिडेशननं ड्रॉपडाउन लावा. यादीतलं नाव निवडायचं, एवढंच. एक्सेलमध्येही हेच चालतं. बेरजा नावावर न लावता क्रमांकावर लावा. आणि आकडे इंग्रजीच टाइप करा. बेरजेच्या रकान्यात मराठी आकडे घालू नका.

मराठी मजकुराची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की नावांच्या जागी कचरा दिसू शकतो. तसं झालं तर बंद करा, रिकामी एक्सेल उघडा, डेटा मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट / सीएसव्ही" घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. सीएसव्ही मागितलेलीच नसेल तर शीट सरळ एक्सेलच्या रूपात उतरवा, हा प्रश्नच येत नाही.

लांब आकडे

ई-वे बिलाचा (माल वाहतुकीसाठीच्या जीएसटीच्या कागदाचा) क्रमांक १२ आकडी असतो. साध्या सेलमध्ये तो टाकला की एक्सेल त्याला "ई+११" असं रूप देतं. तो परत आणता येतो. पण बँक खात्याचा क्रमांक १५ आकड्यांहून लांब असेल तर एक्सेल पंधराव्यानंतरचे आकडे शून्य करून टाकतं आणि ते परत येत नाहीत. पगार दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याइतकी ही गंभीर गोष्ट आहे. गूगल शीटमध्येही काळजी तीच घ्यायची: रकाना आधी टेक्स्ट करा, मग आकडे टाका. आधी टाकून नंतर टेक्स्ट केल्याचा उपयोग नाही. लॉट नंबरच्या सुरुवातीची शून्यंही यानंच टिकतात.

किती मावतं

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळीच. अशी जुनी फाइल अजून चालवत असाल तर आज तिला नव्या रूपात सेव्ह करा. गूगल शीट मात्र पूर्ण फाइलीला मिळून एक कोटी सेल देते. नवी शीट २६ रकाने आणि १,००० ओळींची असते, म्हणजे काहीही न लिहिता २६,००० सेल खर्ची पडले, कारण रिकामे सेलही मोजले जातात. २६ रकान्यांच्या हिशेबानं एक कोटीत साधारण ३ लाख ८४ हजार ओळी बसतात.

खरं सांगायचं तर लहान कारखान्याला ती मर्यादा गाठायला वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी शीट रखडायला लागते. तेव्हा उजवीकडचे रिकामे रकाने आणि खालच्या रिकाम्या ओळी खरोखर डिलीट करा. पूर्ण रकान्यावर लावलेले फॉर्म्युले नेमक्या ओळींपुरते करा. जुन्या महिन्यांच्या फॉर्म्युल्यांची उत्तरं कायम होणार असतील तर ती व्हॅल्यू म्हणून चिकटवा. आणि आर्थिक वर्षाला एक फाइल ठेवा. १ एप्रिलला नवी फाइल, जुनी फक्त बघण्यासाठी. अनेक वर्षांचं एकत्र बघायचं तर त्या फाइली उतरवून एक्सेलमध्ये पिव्होट (सारांशाचा तक्ता) लावा, तिथं ते काम झटपट होतं.

दोघांनाही कळणारे फॉर्म्युले

क्वेरी, इम्पोर्टरेंज, गूगलफायनान्स हे फॉर्म्युले फक्त गूगल शीटचे. शीट एक्सेलमध्ये उतरवली की त्यांचं शेवटचं उत्तर दिसतं, पण ते तिथंच गोठलेलं असतं. मालक तो आकडा ताजा समजून बसतात. एक्सेलच्या बाजूनं एक्सलुकअपचं तसंच आहे: गूगल शीटमध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये चालतं, २०१६ किंवा २०१९च्या एक्सेलमध्ये नाही, आणि लहान ऑफिसांत जुनं एक्सेल अजून बरंच दिसतं. जी फाइल इकडून तिकडे जाणार आहे तिच्यात सम-इफ्स, व्हीलुकअप, इंडेक्स-मॅच एवढ्यावर भागवा. हे लिब्रेऑफिसमध्येही चालतं. एक्सेल विकत घेणं जमत नसेल तर लिब्रेऑफिसचं कॅल्क फुकट आहे आणि कॉम्प्युटरवरच बसतं, साध्या हिशेबाला मी ते बिनदिक्कत सुचवते.

फिल्टर आणि कुलूप

ऑनलाइन शीटमध्ये तुम्ही साधं फिल्टर लावलं की तेच सगळ्यांना दिसतं. रातपाळीच्या माणसाला वाटतं, आपल्या ओळी कुणी पुसल्या. प्रत्येकाला "फिल्टर व्ह्यू" वापरायला शिकवा. तो लावणाऱ्यापुरता राहतो.

फॉर्म्युल्यांचे रकाने डेटा मेनूतल्या "प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस"नं बंद करा. पण हे कुलूप चुकून लागणाऱ्या हातासाठी आहे, झाकण्यासाठी नाही. लपवलेला टॅबही ज्याला संपादनाचा हक्क आहे तो उघडू शकतो. त्यामुळे कामगारांचे खाते क्रमांक आणि आधार क्रमांक हजेरीच्या फाइलीत लपवलेल्या टॅबमध्ये ठेवू नका, ती वेगळीच फाइल हवी. शेअर करताना "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय टाळा आणि एकेकाचा ईमेल घाला. थोडं कष्टाचं आहे, पण ती लिंक व्हॉट्सॲपवर एकदा फिरली की कुणाकुणाकडे गेली ते शोधता येत नाही. विश्वासानं आपल्याकडे कागदपत्रं देणाऱ्या विणकराची ती माहिती आहे.

इंटरनेट गेलं तर

तयारी इंटरनेट असतानाच करायची. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये "गूगल डॉक्स ऑफलाइन" हे एक्स्टेंशन घाला, ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन चालू करा, मग हव्या त्या फाइलीवर "मेक अव्हेलेबल ऑफलाइन" करा. मोबाइल ॲपमध्येही हाच पर्याय आहे. एकदा मुद्दाम वायफाय बंद करून फाइल उघडते का ते बघा. ऑफलाइन असताना दोघांनी एकाच सेलमध्ये लिहिलं तर शेवटी एकाचंच राहतं, म्हणून प्रत्येक पाळीला स्वतःचे रकाने द्या.

मॅक्रो आणि सरकारी साधनं

एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो गूगल शीटमध्ये चालत नाहीत. ब्राउझरमधल्या फुकट एक्सेलमध्येही चालत नाहीत. गूगलची स्वतःची ॲप्स स्क्रिप्ट आहे, तिच्यात बरंच काही लिहिता येतं, पण जीएसटीआर-९चं (जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचं) ऑफलाइन साधन किंवा ई-वे बिलांची एकगठ्ठा फाइल बनवायचं साधन तुम्ही थोडंच नव्यानं लिहिणार? त्यासाठी विंडोजवरचं खरं एक्सेल लागतं. कारखान्यात एका तरी कॉम्प्युटरवर ते असू द्या.

पोर्टलवरून साधन उतरवल्यावर मॅक्रो अडवले असं लाल पट्टीत दिसलं तर गोंधळू नका. २०२२पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेले मॅक्रो आपणहून रोखतं. झिप फाइल उलगडण्याआधी तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये "अनब्लॉक"वर टिक करा, मग उलगडा. हे फक्त सरकारी पोर्टलवरून स्वतः उतरवलेल्या फाइलीलाच करायचं. मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या मॅक्रोच्या फाइलीला कधीच नाही.

ऑर्डरींच्या ऑनलाइन तक्त्यातून माहिती या साधनात नेताना नुसत्या व्हॅल्यू चिकटवा, रंग आणि फॉर्म्युले येऊ देऊ नका, नाहीतर साधन चूक दाखवत बसतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचे आहेत का, आपल्या राज्यातल्या गिऱ्हाइकाचा २७नं सुरू होतो का, हे तक्त्यातच एका रकान्यात तपासून घेतलं तर पुढचा वेळ वाचतो.

छपाईचं थोडक्यात: चलन छापायला एक्सेल जास्त बरं. ऑनलाइन शीटमधूनच छापायचं तर आधी पीडीएफ करा आणि "ॲक्च्युअल साइज"वर छापा, म्हणजे छापील चलनाच्या रकान्यांत आकडे सरकत नाहीत.

प्रत ठेवणं, आणि फाइल कुणाच्या नावावर

गूगल शीटमध्ये "व्हर्जन हिस्टरी" असते आणि ती खूप वेळा वाचवते. महिनाअखेरीला हिशेब जुळला की तिला "एप्रिल जुळला" असं नाव द्या. एखाद्या सेलमध्ये कुणी काय बदललं ते राइट-क्लिक करून "शो एडिट हिस्टरी"त दिसतं.

तरीही महिन्याला एक प्रत बाहेर ठेवा. इथं एक मोठा गैरसमज आहे. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं फोल्डर दिसतं म्हणून त्यातली शीटची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली, की झाला बॅकअप, असं वाटतं. त्या फाइलीत तुमचा डेटा नसतो, फक्त लिंक असते. फाइल मेनूतून डाउनलोड करून एक्सेलच्या रूपात उतरवलेली प्रतच खरी. तिच्या नावापुढे "बॅकअप" आणि तारीख लिहा, आणि तिच्यात कुणी काम करणार नाही अशा फोल्डरमध्ये ठेवा. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये गेलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते, हेही लक्षात असू द्या. फुकट जागा १५ जीबी आहे, आणि तीत जीमेल व फोटोही आले. खातं फोटोंनी भरलेलं असेल तर नवी शीट बनवायलाही अडचण येते.

आता शेवटचं, जे पहिल्या दिवशी करायला हवं. शीट ज्याच्या खात्यातून बनते त्याच्या मालकीची असते. नवा मुलगा उत्साहानं स्वतःच्या जीमेलवरून सगळ्या फाइली बनवतो, दोन वर्षांनी पुण्याला नोकरी लागते, आणि कारखान्याची हजेरी, ऑर्डरी, साठा त्याच्या खात्यात राहतात. त्याचा हेतू वाईट नसला तरी मालकांची अडचण होते आणि जाणाऱ्यालाही फोन येत राहतात. मालकांना सांगून कारखान्याच्या नावाचं एक खातं उघडा. त्याचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर मालकांचा असू द्या. फाइली त्या खात्यातून बनवा आणि स्वतःला संपादनाचा हक्क द्या. आधीच स्वतःच्या खात्यातून बनवल्या असतील तर शेअरच्या खिडकीतून मालकी त्या खात्याकडे पाठवा. समोरच्या खात्यात जाऊन ती स्वीकारावी लागते. तोवर फाइल तुमच्याच नावावर राहते, म्हणून मालकांच्या शेजारी बसूनच ते पूर्ण करून घ्या.